वह्या देखण्या, सराव शून्य

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
राज्यसेवेची तयारी करतेय. शीर्षक लाल, तारखा हिरव्या, एक खाडाखोड झाली की अख्खं पान फाडून परत. पंचायत राज अजून ७३व्या घटनादुरुस्तीवरच अडकलंय. आई म्हणते, "अभ्यास करतेस का रांगोळी काढतेस?" सराव पेपरला हातच लागत नाही. आधी सगळं नीट होऊ दे, असं वाटतं. काय करू?

उत्तर १:
ताई, मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. सामान्य अध्ययनाचा पेपर २५० गुणांचा, वेळ ३ तास. म्हणजे १० गुणांमागे जेमतेम ७ मिनिटं. पेनं बदलण्यातच २ जातील! उद्या घड्याळ लावून एकच उत्तर लिही. चुकलं तिथं एक रेघ मारायची आणि पुढं. पान फाडायचं नाही.

उत्तर २:
मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो. ताळा जुळला तरी परत बेरीज मारायचो. मालक म्हणाले, "अरे, ट्रक गेला, तू कसली बेरीज करतोयस?" आता रक्कम तेवढी दोनदा बघतो. पावतीवरचं अक्षर कसं का असेना. (बायको म्हणते घरी मात्र अजून डब्यांची झाकणं तपासतो. असो.)

उत्तर ३:
हेविट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये 'सगळं अचूकच हवं' या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि लोक आपल्याकडून करतात असं वाटणारी अपेक्षा. वही नक्की कुणासाठी सजतेय, तेवढं बघा.

प्रश्नकर्ती:
लिहिलं एक. शेवटचा मुद्दा राहिलाच. तपासायला फोटो इथंच टाकू का?

उत्तर १:
टाक की. परत उतरवून काढू नकोस फक्त.