मदत हवी आहे: प्रगत देशांतल्या माध्यमिक पटनोंदणीची शतकभराची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आहे. विसाव्या शतकात प्रगत देशांत माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण कसं वाढलं, हा विषय मीच ओढवून घेतलाय. अमेरिका, इंग्लंड, जपान, स्वीडन असे चार देश. सरांना चारही रेषा एकाच आलेखात हव्यात आणि तिथेच घोडं अडलंय.

अमेरिकेचं जमलं. 1910 मध्ये तिथे शंभरातली जेमतेम 9 मुलं हायस्कूल पूर्ण करत. 1940 पर्यंत हे प्रमाण वाढून शंभरात पन्नासच्या आसपास पोचलं. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी यावर भरपूर लिहिलंय. मला वाटलं होतं, कारखान्यांची शहरं पुढे असतील. पण आघाडी घेतली आयोवा, नेब्रास्कासारख्या शेतीच्या राज्यांनी: शाळा गावाची, पैसा गावाच्याच मालमत्ता कराचा, प्रवेशाला फारशी चाळणी नाही. जिथे पोरांना कारखान्यात काम मिळायचं, तिथे शाळा मागे पडली. महामंदीत ती कामंच गेली आणि वर्ग भरले. (या नादात निम्मा प्रकल्प अमेरिकेवरच खर्ची पडलाय.)

आता अडचणी. इंग्लंडची रेषा महायुद्धानंतर एकदम उभी चढते. 1944 च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली, 1947 मध्ये शाळा सोडण्याचं किमान वय 15 झालं, हे मान्य. पण युद्धाने खंगलेल्या देशात इतक्या शाळा, इतके शिक्षक आले कुठून?

जपानचे 1950 चे दोन आकडे सापडतात. एकात जवळजवळ सगळी मुलं शाळेत, दुसऱ्यात 42.5 टक्के. कोणता धरू?

आणि स्वीडनचा जीईआर (पटावरचे सगळे विद्यार्थी, भागिले त्या वयोगटातली एकूण मुलं, टक्क्यांत) नव्वदच्या दशकात शंभरच्या बराच वर जातो. आपल्याकडे प्राथमिकला असं झालं, की वर्गात जास्त वयाची मुलं बसलीत असं समजतो. पण स्वीडनमध्ये एवढी मुलं नापास होतात? पटत नाही.

प्रतिसाद १

इंग्लंडमध्ये मुलं बरीचशी तीच होती हो, खातं बदललं. 1944 पूर्वी बहुसंख्य मुलं 14 वर्षांपर्यंत एलिमेंटरी शाळेत बसत आणि त्याच पटावर मोजली जात. कायद्याने 11 वर्षांनंतरचं शिक्षण माध्यमिक ठरवलं, तेव्हा पुष्कळ ठिकाणी तेच वरचे वर्ग ‘सेकंडरी मॉडर्न’ नावाच्या माध्यमिक शाळा झाले. सक्तीचं वय संपल्यावरही किती जण थांबले ते बघा, तिथे चढ सावकाश आहे. सक्ती 16 पर्यंत जायला 1972 उजाडलं.

जपानचंही तसंच. 1947 च्या 6-3-3 रचनेत (6 वर्षं प्राथमिक, 3 कनिष्ठ माध्यमिक, 3 हायस्कूल) मधली तीन वर्षंही सक्तीची, म्हणून पहिला आकडा. 42.5 टक्के म्हणजे त्यापुढे हायस्कूलला गेलेले. ते प्रमाण 1974 मध्ये 90 च्या वर गेलं, तेही सक्तीशिवाय! हा 42.5 चाच धरा.

माझं मत विचाराल तर जीईआर सोडाच. 16-17 वर्षांची किती टक्के मुलं शाळेत आहेत, एवढीच एक रेषा काढा. जिथे ते मिळत नाही तिथे बॅरो आणि ली या अर्थशास्त्रज्ञांचे 1950 पासूनचे, दर पाच वर्षांचे आकडे आहेत. मात्र ते प्रौढांचं शिक्षण मोजतात, त्यामुळे शाळेतला बदल त्यात बऱ्याच वर्षांनी उमटतो.

प्रतिसाद २

स्वीडनमध्ये राहतो म्हणून लिहितो. नापासांचा संबंध नाही. इथे कोमव्हक्स नावाचं नगरपालिकेचं प्रौढशिक्षण 1968 पासून आहे. आमच्या शेजारीणबाई चाळिशीत नर्सिंगला जायचं म्हणून तिथे जीवशास्त्र शिकल्या. असे विद्यार्थी माध्यमिकच्या पटावर येतात, पण भागायचं मात्र किशोरवयीन मुलांच्या संख्येने. 1997 ते 2002 मध्ये बेकारी हटवायला सरकारने अपुरं शिक्षण झालेल्या प्रौढांसाठी मोठी मोहीम राबवली, तुमची उडी बरीचशी तीच. फिनलंड, बेल्जियमचेही आकडे असेच फुगलेले दिसतील.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. वयाची रेषाच काढतो. सर जर्मनीही घे म्हणतायत, तिथे काही खाचाखोचा?

प्रतिसाद १

आहेत. तिथली पुष्कळ मुलं दहावीच्या सुमारास शिकाऊ उमेदवार म्हणून लागतात: आठवड्यातले बरेचसे दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत. आकडेवारीत तीही माध्यमिकचे विद्यार्थीच. त्यांना धरणार की वगळणार ते आधी ठरवा आणि आलेखाखाली लिहा. शिवाय 1990 पूर्वीचे आकडे पश्चिम जर्मनीचे आहेत का, तेवढं तपासा.