बीओडीच्या टक्केवारीपलीकडे

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ९५ टक्के घटतो, म्हणजे प्रकल्प उत्तम चालला आहे, असे मांडले जाते. त्यात थोडी भर घालतो. येणाऱ्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर ९५ टक्के घट होऊनही २० उरतो. पावसाचे पाणी मिसळून येणारा बीओडीच १०० वर आला असेल, तर बाहेर १० असूनही घट ९० टक्केच दिसते. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्रत्यक्ष प्रमाण आणि दिवसाचा एकूण भार (प्रमाण गुणिले दिवसाचा प्रवाह) पाहावाच लागतो. जंतूंच्या बाबतीत टक्केवारी फारच फसवी आहे: १०० मिलिलिटरमध्ये १ कोटी कोलिफॉर्म (मैल्याच्या प्रदूषणाची खूण मानले जाणारे जिवाणू) असतील, तर ९९ टक्के नष्ट होऊनही १ लाख शिल्लक राहतात. अमोनिया घटला म्हणून नायट्रोजन गेला असेही मानू नये, कारण तो अनेकदा नायट्रेटच्या रूपात पाण्यातच असतो. ऑक्सिजनविरहित टप्प्यात त्याचा वायू झाला, तरच तो खऱ्या अर्थाने बाहेर पडतो. रासायनिक तपासणीचा नमुना सकाळी एकदाच न घेता २४ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेला असावा, असा माझा आग्रह आहे. जंतूंचा नमुना मात्र निर्जंतुक बाटलीत वेगळाच घ्यावा लागतो.