गिल्ड वॉर्स 2: नवं एक्सपान्शन येईपर्यंत रोजच्या दीड तासात काय उरकून ठेवावं?

प्रश्न: कातळशिल्प_रेंजर

लेव्हल 80 ची दोन कॅरेक्टर आहेत, रेंजर आणि नेक्रोमान्सर. हार्ट ऑफ थॉर्न्स, पाथ ऑफ फायर आणि एंड ऑफ ड्रॅगन्स घेतलेले आहेत, तिन्हींच्या स्टोऱ्या संपल्या. दागिने असेंडेड, बाकी सगळं गिअर (शस्त्रं, चिलखत) त्याखालच्या एक्झॉटिक दर्जाचं. कोअर (मूळ गेमचा) नकाशा साधारण 60 टक्के झालाय. लेजंडरी (सर्वात वरचा दर्जा) एकही नाही.

पुढच्या एक्सपान्शनला अजून दोन-अडीच महिने धरून चाललोय. रात्री 9 ते 10:30 एवढाच वेळ असतो, अकाउंट युरोपचं. दुसऱ्या एमएमओ (हजारो लोक एकत्र खेळतात ते ऑनलाइन गेम) खेळणारे मित्र सांगतात की शेवटचे महिने गिअरवर घालवू नकोस, नवी लेव्हल कॅप (लेव्हलची कमाल मर्यादा) आली की सगळं फुकट. इथंही तसंच आहे का? गोल्ड आणि मटेरियल साठवत बसावं, की दुसरं काही करावं?

उत्तर 1: फोर्जवाला

तो सल्ला त्यांच्या गेमसाठी बरोबर असेल, इथं उलटा पडतो. गेम 2012 मध्ये आला तेव्हा कॅप 80 होती, आजही 80 च आहे. असेंडेडच्या वरचे आकडे असलेलं गिअर त्यानंतर आलेलं नाही. लेजंडरीचे आकडेही असेंडेडइतकेच; फायदा एवढाच की स्टॅट (कॅरेक्टरची ताकद ठरवणारे गुण) हवे तेव्हा बदलता येतात. आणि जुलै 2021 मध्ये लेजंडरी आर्मरी आल्यापासून एकदा केलेली वस्तू अकाउंटवरच्या सगळ्या कॅरेक्टरना वापरता येते. म्हणजे आत्ता केलेलं काम पुढच्या एक्सपान्शनमध्ये, त्याच्याही पुढच्यात, तसंच्या तसं चालतं.

म्हणून या काळात पैशानं लवकर होत नाहीत ती कामं काढावीत. गोल्ड नंतरही मिळतं, कॅलेंडरवर अडकलेल्या गोष्टी मिळत नाहीत.

कुठलंही पहिल्या पिढीचं लेजंडरी शस्त्र घ्या, प्रिकर्सर (ज्यापासून लेजंडरी बनतं ते आधीचं शस्त्र) आणि त्या शस्त्राचं स्वतःचं गिफ्ट (सामान जोडून बनवायचा भाग) सोडलं तर बाकीचं सामान सारखंच लागतं. त्या सामानातल्या गिफ्ट ऑफ मास्टरीत चार भाग: गिफ्ट ऑफ एक्सप्लोरेशन, गिफ्ट ऑफ बॅटल, 250 ऑब्सिडियन शार्ड आणि एक ब्लडस्टोन शार्ड. ब्लडस्टोन शार्डला 200 स्पिरिट शार्ड जातात. ऑब्सिडियन शार्ड कर्मानं (खेळून मिळणारं चलन) घेतले तर एकाला 2,100, म्हणजे 250 ला 5,25,000 कर्मा. तुमच्याकडे आज किती कर्मा आहे ते आधी बघा, कारण बहुतेक लोक इथंच अडकतात. कर्मा ट्रेडिंग पोस्टवर (खेळाडूंच्या बाजारात) विकत मिळत नाही.

गिफ्ट ऑफ फॉर्च्युनमध्ये 77 मिस्टिक क्लोव्हर, 250 एक्टो (ग्लॉब ऑफ एक्टोप्लाझम), शिवाय गिफ्ट ऑफ मॅजिक आणि गिफ्ट ऑफ माइट. या शेवटच्या दोघांत मिळून आठ प्रकारचं टी-6 (सर्वात वरच्या श्रेणीचं) मटेरियल, प्रत्येकी 250. क्लोव्हर मिस्टिक फोर्जमध्ये (चार वस्तू टाकून नवी मिळवायची भट्टी) करायचे तर एका प्रयत्नाला 1 मिस्टिक कॉइन, 1 एक्टो, 1 ऑब्सिडियन शार्ड आणि 6 फिलॉसॉफर्स स्टोन, आणि यश साधारण तीनात एकदा. 77 ला सरासरी 230 च्या आसपास प्रयत्न धरा. वर मोजलेल्या 250 शार्डशिवाय हे 230 शार्ड वेगळे लागतात, हे हिशेब करताना हमखास सुटतं. फसलेल्या प्रयत्नातून टी-6 मटेरियल हाती येतं, म्हणून फोर्ज आधी चालवा आणि टी-6 ची उरलेली खरेदी नंतर करा. उलट क्रमानं गेलात तर नको तेवढे फँग आणि बोन (हेही टी-6 मटेरियलच) साठतात.

फोर्जचा हा खर्च कमी करायला विझार्ड्स व्हॉल्ट (ठरवून दिलेली कामं करून बक्षिसं घ्यायची जागा) आहे. तिथं प्रत्येक सीझनला ठरावीक संख्येनं क्लोव्हर आणि मिस्टिक कॉइन मिळतात, सीझन बदलला की यादी नव्यानं लागते. म्हणजे चालू सीझनचा कोटा न उचलणं हे सरळ नुकसान. अ‍ॅस्ट्रल अक्लेम हे तिथलं चलन 1,300 च्या वर साठत नाही, तेव्हा नंतर एकदम घेऊ असं म्हणू नका. आधी क्लोव्हर, मग कॉइन. स्किन वगैरे शेवटी.

कोअर नकाशाचा उरलेला 40 टक्के याच काळात संपवा. एका कॅरेक्टरवर नकाशा पूर्ण झाला की दोन गिफ्ट ऑफ एक्सप्लोरेशन मिळतात, दोन शस्त्रांची सोय. वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डचे (खेळाडूंच्या मोठ्या गटांच्या आपसातल्या लढाईचे) नकाशे यात धरले जात नाहीत, शहरं मात्र धरली जातात. 99 टक्क्यांवर अडकलात तर बहुतेक वेळा एखाद्या शहरातला पॉइंट ऑफ इंटरेस्ट किंवा व्हिस्टा (नकाशावर नोंदलेल्या बघायच्या जागा) राहिलेला असतो.

उत्तर 2: टॅरिरची_वाट

फोर्जवाल्यांचा हिशेब चोख आहे, पण रोज दीड तासवाल्या माणसाला मी पहिलं लेजंडरी म्हणून शस्त्र सुचवणार नाही. प्रिझ्मॅटिक चॅम्पियन्स रिगेलिया घ्या. हे लेजंडरी अ‍ॅम्युलेट आहे आणि त्याला क्लोव्हर, एक्टो, प्रिकर्सर काहीच लागत नाही. सीझन्स ऑफ द ड्रॅगन्स ही अचिव्हमेंट पूर्ण केली की मिळतं. त्यात लिव्हिंग वर्ल्ड (एक्सपान्शनच्या मधल्या काळात आलेल्या कथा) सीझन 2, 3, 4 आणि आइसब्रूड सागाच्या 'रिटर्न टू' मालिका येतात, सगळे मिळून वीसहून जास्त एपिसोड. 'रिटर्न टू'ला मुदत नाही, आजही करता येतात. अट एवढीच की ते एपिसोड अकाउंटवर उघडलेले हवेत. नसतील तर जेम्सनी (गेममधल्या दुकानाचं चलन) घ्यावे लागतात, आणि गोल्ड देऊन जेम्स घेता येतात. साठवलेल्या गोल्डचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

दुसरं, हिरो पॉइंट (कॅरेक्टरची कौशल्यं उघडायचे पॉइंट). एक एलिट स्पेशलायझेशन (एलिट स्पेक, कॅरेक्टरच्या प्रकाराची खास शाखा) पूर्ण उघडायला 250 लागतात. नव्या एक्सपान्शनमध्ये नवं एलिट स्पेक आलं तर ज्यांच्याकडे 250 शिल्लक असतात ते पहिल्याच रात्री ते पूर्ण वापरतात, बाकीचे आठवडाभर पॉइंट गोळा करत फिरतात. कोअर टायरियातलं (मूळ गेमच्या नकाशावरलं) एक हिरो चॅलेंज 1 पॉइंट देतं. हार्ट ऑफ थॉर्न्स आणि पाथ ऑफ फायरमधलं 10. म्हणजे 25 चॅलेंजमध्ये काम झालं. पाथ ऑफ फायरमधली बहुतेक एकट्यानं होतात, माउंट (स्वारीचे प्राणी) असल्यामुळे पोचणंही सोपं. हार्ट ऑफ थॉर्न्समधल्या बऱ्याच ठिकाणी चॅम्पियन (तगडा शत्रू) असतो, तिथं एलएफजीमध्ये (गट शोधायच्या यादीत) 'एचपी ट्रेन' (हिरो पॉइंट गोळा करत फिरणारा गट) शोधा. पॉइंट प्रत्येक कॅरेक्टरचे वेगळे असतात, त्यामुळे दोन्हींवर करायचं की एकावर ते आधी ठरवा. एकदा खर्च केलेला पॉइंट परत मिळत नाही.

तुमच्या वेळेत बसणारे मेटा, म्हणजे अख्ख्या नकाशावरचे मोठे इव्हेंट (भारतीय वेळ): ऑरिक बेसिनचा ऑक्टोव्हाइन 8:30 आणि 10:30 ला, टँगल्ड डेप्थ्सचा चाक जेरेंट 10 ला, टेक्वाटल 9:30 ला. 10:30 चा ऑक्टोव्हाइन पकडायचा तर थोडं जास्त बसावं लागेल, पण त्या वेळी युरोपात संध्याकाळ असते आणि नकाशे भरलेले असतात. 20 मिनिटं आधी एलएफजीमधून स्क्वाडमध्ये शिरा. ऐन वेळी गेलात तर रिकाम्या नकाशावर जाऊन पडता आणि तिथं ऑक्टोव्हाइन हमखास फसतो: चारही बाजूंचे वेल जवळजवळ एकाच वेळी पाडावे लागतात, एक बाजू मागे राहिली की बाकीचे पुन्हा उभे राहतात. आपल्या बाजूचा वेल 10 टक्क्यांवर आला की मारणं थांबवून कमांडरच्या इशाऱ्याची वाट बघा. जोरात मारत राहणारी चार-पाच माणसंच तो इव्हेंट घालवतात.

उत्तर 3: बाजारभाव80

मटेरियल साठवून नंतर चढ्या भावात विकायचा विचार असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. ट्रेडिंग पोस्ट लिस्ट करताना 5 टक्के घेतं, विकल्यावर 10 टक्के. 100 गोल्डला घेतलेली वस्तू साधारण 117 गोल्ड 65 सिल्व्हरला विकली तर फक्त मुद्दल सुटते. एक्सपान्शनच्या आशेवर एवढी वाढ गृहीत धरणं म्हणजे जुगार, कारण हजारो लोक नेमकं तेच साठवून बसलेले असतात आणि पहिल्या आठवड्यात एकदम बाहेर काढतात. स्वतःच्या लेजंडरीला लागणारं मटेरियल ठेवा, बाकीचं जेव्हा हाती येईल तेव्हा विका.

मटेरियल स्टोरेजमध्ये विस्तार घेतला नसेल तर प्रत्येक खण 250 ला भरतो आणि पुढचं सगळं बॅगेत येतं. आठही टी-6 नेमके 250 लागतात, तेव्हा खण भरला की त्या मटेरियलचं काम झालं समजा.

रोज एकदाच होणारी कामं विसरू नका: लम्प ऑफ मिथ्रिलियम, ग्लॉब ऑफ एल्डर स्पिरिट रेसिड्यू, स्पूल ऑफ सिल्क वीव्हिंग थ्रेड. असेंडेड चिलखत आणि शस्त्रं यांच्याशिवाय होत नाहीत, आणि दिवसाला प्रत्येकी एकच बनतो. तसंच 25 क्वार्ट्झ क्रिस्टल प्लेस ऑफ पॉवरवर नेऊन एक चार्ज्ड क्वार्ट्झ. दोन मिनिटांचं काम आहे. डेली रीसेट आपल्याकडे पहाटे 5:30 ला होतो, विझार्ड्स व्हॉल्टचा वीकली सोमवारी दुपारी 1 ला. युरोप-अमेरिकेतून खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की हे यूटीसीवर चालतं, तिथली घड्याळं मागेपुढे झाली की रीसेटची स्थानिक वेळ एका तासानं सरकते.

कातळशिल्प_रेंजर

रिगेलिया आणि हिरो पॉइंट आधी घेतो, नकाशा त्याच्या जोडीला. गिफ्ट ऑफ बॅटलचं नीट कळलं नाही. वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्ड कधीच खेळलेलो नाही, मोठ्या झर्गमध्ये (खेळाडूंच्या झुंडीत) न जाता एकट्यानं होईल का?

उत्तर 4: फोर्जवाला

होईल. सर्वात आधी रिवॉर्ड ट्रॅकच्या (खेळून पुढे सरकणाऱ्या बक्षीस-मालिकांच्या) यादीत 'गिफ्ट ऑफ बॅटल' निवडा. न निवडता खेळलात तर प्रगती दुसऱ्याच ट्रॅकमध्ये जाते. ट्रॅक 20,000 पॉइंटचा आहे आणि दर 5 मिनिटांनी टिक पडतो, म्हणजे पॉइंट जमा होतात. पार्टिसिपेशन (सहभागाची पातळी) टियर 6 ला असेल तर एका टिकला 195, म्हणजे बूस्टर न धरता साधारण साडेआठ तास. रिवॉर्ड पोशन या ट्रॅकला चालत नाहीत, त्या जपून दुसरीकडे वापरा.

सगळं टियर टिकवण्यावर आहे. एकट्यानं सप्लाय कॅम्प घ्या, वाटेतले सेंट्री (पहाऱ्याच्या चौक्या) घ्या, डोलियाक (रसद वाहणारे प्राणी) मारा. पार्टिसिपेशनचा टायमर जास्तीत जास्त 10 मिनिटांचा असतो. तो संपला की टियर घसरायला लागतो. कॅम्प घेऊन चहा करायला उठलात तर चालेल, जेवायला बसलात तर नाही. पहिली काही मिनिटं टियर चढण्यातच जातात, म्हणून रोज 15 मिनिटं करण्यापेक्षा आठवड्यातली एक आख्खी रात्र याला द्या. दीड तासाच्या बैठकीत 16-17 टिक सहज बसतात.

कॅम्पमध्ये आधी बाजूचे गार्ड पाडा, सुपरवायझर शेवटी, कारण सुपरवायझर पडल्यावर कॅप्चरच्या वर्तुळात एकही शत्रू उरला तर पट्टी पुढे सरकत नाही. रेंजरनं लाँगबो घेऊन लांबून एकेक ओढला तर एक्झॉटिक गिअरवरही अडचण येत नाही.