किल्ला तलावाच्या काठाचं काम
दादा, तुम्ही विचारलात की बेळगावच्या किल्ला तलावाच्या काठाचं काम कुठवर आलंय, कुत्र्याला घेऊन तिकडं फिरता येतंय काय, तर आज सकाळी सहालाच आमच्या राजाला घेऊन जाऊन आलो बघा. राजा म्हणजे आमचा कुत्रा, मुधोळच्या कारवान जातीचा, अंगावर केस कमी, ऊन चढायच्या आत फिरवून आणावं लागतंय.

त्या ११० मीटरच्या झेंड्याच्या बाजूनं पेव्हर बसलेत, चालायला बरं आहे, पण पुढं नुसती खडी नि सळया. तिथं राजा एक पाय उचलून उभारला, बघतो तर बोटांच्या फटीत ओलं सिमेंट! ओल्या सिमेंटनं कातडी भाजते हो, बाटलीतलं सगळं पाणी तिथंच ओतून पाय धुतला. तुम्ही पण पाणी घेऊनच जावा.

आणि एक मनापासून वाटतंय, सगळीकडं उभी काँक्रीटची भिंत नको. दगडी पिचिंगचा, म्हणजे दगड बसवून केलेला उतार ठेवला तर बगळ्यांना उभारायला जागा राहती, चुकून कुत्रं पाण्यात पडलं तरी वर येतंय. भिंत झाली की ते कुठनं चढणार सांगा?