पीसी बिघडला की थेट फॉरमॅट? खेड्यातल्या मशिनवर हा पहिला उपाय नकोच

अडाणकाठ (दारव्हा)

मी गावात सेवा केंद्र चालवतो. गेल्या जुलैत जे झालं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. ते या फोरमवर, या धाग्यात मांडतो, ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

पीक विम्याचे शेवटचे चार दिवस होते. ओट्यावर सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन पंचवीस-तीस माणसं बसलेली. सकाळी मशिन चालू केलं तर एकही सरकारी साइट उघडेना. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’, एवढंच. मोबाइलवर तीच साइट झटकन उघडत होती. तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने पाच मिनिटं पाहिलं, ‘विंडोज करप्ट झालं, फॉरमॅट मारा लागते’ म्हणाला, म्हणजे जुनं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं, आणि सीपीयू घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मिळाला.

साइट उघडू लागल्या, पण बोटाचे ठसे घेणारं मशिन ज्यावर चालतं ती आरडी सर्व्हिस गेलेली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर गेलेला, प्रिंटर ओळखेना, मराठी फॉन्ट नाहीत. ते सगळं बसवण्यात रात्र गेली. थकून बोर्डाचं बटण बंद केलं आणि झोपलो. सकाळी परत तोच मेसेज!

तेव्हा पहिल्यांदा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात नीट पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २०१५.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नंबरचा. मशिन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की तारीख मागे जाते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मशिन २०१५ सांगत असेल तर ब्राउझरच्या हिशोबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो दार उघडत नाही. फॉरमॅट करताना मेकॅनिकने तारीख लावली म्हणून एक दिवस चाललं, इतकंच. सेल नखाने उचकटून काढला, गावातल्या वायरमनच्या मीटरवर धरला तर २.१ व्होल्ट. नवा ३ व्होल्टचा असतो.

आपल्याकडे हा सेल लवकर का संपतो तेही नंतर कळलं. भिंतीवरचं बटण चालू असेल तर मशिन बंद असूनही घड्याळाला लाइनवरूनच करंट मिळतो, सेल खर्च होत नाही. शहरातल्या ऑफिसात बटण कोणी बंद करत नाही. आपण विजेच्या भीतीने रोज रात्री बंद करतो, वर लोडशेडिंग. सगळा भार त्या सेलवर.

म्हणून माझं म्हणणं आहे की आधी तारीख पाहा, केबल पाहा, डिस्क पाहा, एकदा रिस्टार्ट करा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी. उलट मत असेल तर लिहा.

तालुक्याचा मेकॅनिक

मी तुमच्याकडे आलेला मेकॅनिक नाही, पण धंदा तोच आहे, म्हणून बोलतो. तुमचं सारं खरं आहे भाऊ, पण दुकानात बसून पाहा. गिऱ्हाईक वीस किलोमीटरवरून पोत्यात बांधून गाडीवर सीपीयू आणते. काय झालं विचारलं त ‘चालत नाही’ एवढंच सांगते. संध्याकाळच्या आत त्याले परत न्यायचा राह्यते, दुसऱ्या चकरेले त्याच्यापाशी वेळ नाही अन् पेट्रोल नाही. म्या जर चार घंटे बसून शोधलं अन् शेवटी एक सेटिंग बदलली, त तो म्हणते ‘यातच काय मोठं केलं?’ फॉरमॅटचे चारशे देते, पण बिघाड शोधल्याचे पन्नास द्यायले खळखळ करते.

अन् दुसरं. फॉरमॅट केल्यावर दहातले आठ मशिन खरंच चालतात. दीड घंट्यात काम होते, मले बी माहीत, त्याले बी माहीत. त्याच्यात चूक काय आहे ते मले सांगा.

वर्धाखोरं (आर्वी)

चूक काय ते मी सांगते. मी बचत गटाची सचिव आहे. चार वर्षांचा हिशोब, कोणाला किती कर्ज, कोणाचा किती हप्ता, सगळं एक्सेलमध्ये होतं. फाइल डेस्कटॉपवर होती, रोज समोर दिसावी म्हणून. मशिन हळू चालतं म्हणून दुरुस्तीला दिलं. देताना कोणी विचारलं नाही, की ताई, डेस्कटॉपवर काही आहे का. परत आलं तेव्हा निळी स्वच्छ स्क्रीन. मी म्हटलं फाइल कुठे? तर उत्तर मिळालं, ‘डी ड्राइव्ह तसाच आहे, त्याला हात लावला नाही.’ पण डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो हे मला कुठे माहीत होतं? आम्हाला कोणी शिकवलं?

वहीत निम्मं होतं, ते जुळवायला दोन महिने लागले. तीन बायकांच्या हप्त्यांवरून अजून मन दुखलेलं आहे. तुमच्या दहातल्या आठ मशिनांमध्ये माझंही मशिन धरलं जातं, दादा. चालू झालंच होतं ते.

कापूसपट्टा (हिंगणघाट)

माझा अनुभव धागाकर्त्याच्या बाजूचा. आमच्या जिनिंगजवळच्या दुकानातलं मशिन दुपारी तीन वाजले की आपोआप बंद व्हायचं. दोनदा फॉरमॅट झालं, दोनदा पैसे गेले. शेवटी भाच्याने बाजूचं झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीवर कापसाच्या तुसाची गादी बसलेली, बोटाने सोलली तर पापडासारखी अख्खी निघाली. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्यात हवाच खेळेना. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला की जळू नये म्हणून मशिन स्वतःच बंद होतं. त्यात विंडोजचा काय दोष? पंख्याचं पातं काडीने अडवून धरायचं आणि ब्रशने साफ करायचं, दर दिवाळीला आणि दर मार्चला. तेव्हापासून बंद पडलं नाही.

चिमूरचा नेटवाला

मी धागाकर्त्याशी सहमत नाही. एका बाबतीत तर अजिबात नाही. मशिनमध्ये व्हायरस शिरला असेल तर आधी सेटिंग पाहा, साफ करून पाहा, हा सल्ला घातक आहे. आपल्याकडच्या बहुतेक मशिनवर क्रॅक केलेलं, म्हणजे विकत न घेता कुलूप तोडून वापरलेलं विंडोज आहे. क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करून ठेवलेला असतो. अशा मशिनवरून तुम्ही लोकांचं आधार, बँक खातं, बोटाचे ठसे हाताळता. आत काय बसलं आहे याची खात्री कोणताही अँटिव्हायरस देऊ शकत नाही. तिथे डेटा बाजूला काढून पूर्ण फॉरमॅट हाच प्रामाणिक उपाय.

फक्त तो मूळ विंडोजने करा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, त्याने मूळ विंडोज ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसतं. कंपनीकडून विंडोज ८ किंवा १० घालून आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डवरच्या बायॉस चिपमध्येच असते, तीच आवृत्ती पुन्हा टाकली की आपोआप अॅक्टिव्हेट होते. तरीही त्यावर क्रॅक मारून देणारे मी पाहिले आहेत. त्याचं वाईट वाटतं.

अडाणकाठ (दारव्हा)

व्हायरसचं मान्य, पूर्ण मान्य. माझ्या लिहिण्यात ते सुटलं होतं.

पण मेकॅनिक भाऊंना एक विचारतो. दहातले आठ चालतात म्हणता, त्या आठांतले किती पंधरा दिवसांनी परत येतात? जुनी हार्डडिस्क खराब होत असेल तर फॉरमॅटनंतर ती काही दिवस चालल्यासारखी वाटते, कारण फाइली नव्या जागी लिहिल्या जातात. लाइन अचानक जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली, डिस्क लिहिता लिहिता थांबते. असं वर्षानुवर्षं चाललं की सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या लिहायच्या जागा, खराब होतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं की एका मिनिटात कळतं. डिस्कच्या नावापुढे पिवळा ‘कॉशन’ दिसला तर आधी डेटा काढा, मग डिस्क बदला. फॉरमॅटचे चारशे तिथे वायाच जातात.

धानोरा-शिक्षक (गडचिरोली)

मधेच एक सांगतो, कारण आमच्या शाळेत ‘हळू चालतं’ ही तक्रार दोन गोष्टींनी मिटली. आम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवतो, दिवसाला दीड जीबी. मशिन चालू झालं की अपडेटच तो डेटा गिळायचं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे असं मशिनला सांगणारी सेटिंग) चालू केलं, थांबलं. अपडेट कायमचं बंद मात्र करू नका. महिन्यातून एकदा मी तालुक्याला ब्रॉडबँडवर नेऊन करून आणतो.

दुसरं, ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, ते अर्धं काम डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. कालचा अडथळाही तसाच परत येतो. ‘रिस्टार्ट’ केलं तरच कोरं सुरू होतं. मुलांना मी एवढंच शिकवलं आहे, अडलं की रिस्टार्ट.

तालुक्याचा मेकॅनिक

रिस्टार्ट अन् तारीख, हे दोन फोनवरच सांगता येईल, ते मी मानलं. डिस्कचं बी मानलं, पण नवी डिस्क घ्या म्हटलं की गिऱ्हाईकाले वाटते मी लुटून रायलो. मंग दुसरीकडे जाते, तिथे फॉरमॅट मारून देते.

पैशाचं माझं मत बदललं नाही. बिघाड शोधणं हेच खरं काम आहे, अन् त्याचे पैसे द्यायची सवय लोकाईले लागली नाही तवरोक दुकानदार फॉरमॅटच मारन. डॉक्टर तपासल्याची फी घेतेच ना, गोळी दिली नाही तरी?

आर्वीच्या ताईचं वाचून मात्र जीवाले लागलं. डेस्कटॉपवर काय आहे हे म्या बी सगळ्याईले विचारत नव्हतो. खोटं कायले बोलू?

अडाणकाठ (दारव्हा)

तपासणीची फी मी द्यायला तयार आहे. माझे त्या जुलैत दोन दिवस गेले, लोकांचे गेले ते वेगळेच.

ताई, एक सेटिंग आजच करा. फाइल एक्सप्लोररमधल्या डेस्कटॉप फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मग मूव्ह. डी ड्राइव्हवर आधी एक नवं फोल्डर बनवून तेच निवडा, नुसता ड्राइव्ह निवडू नका. डॉक्युमेंट्सचंही तसंच. फाइल समोरच दिसेल, पण राहील डी वर. तरी डिस्कच गेली तर डी पण जातो, म्हणून आठवड्याला पेनड्राइव्हवर एक कॉपी ठेवाच.

वर्धाखोरं (आर्वी)

करते. जुनी फाइल आता परत मिळेल का हो? दिवाळीआधी फॉरमॅट झालं, तेव्हापासून त्याच डिस्कवर काम सुरू आहे.

चिमूरचा नेटवाला

एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) असेल तर आशा जवळजवळ नाही, ती मोकळी जागा स्वतःहून पुसून टाकते. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर ज्या जागेवर नवं लिहिलं गेलं नाही तेवढं मिळू शकतं. मशिन बंद करा, त्यावर काहीही टाकू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकायचं नसतं.

वर्धाखोरं (आर्वी)

फिरणारीच आहे, कुरकुर आवाज येतो. बंद केलं.

तालुक्याचा मेकॅनिक

आवाज येते त चालूच नका करू आता. डिस्क काढून माह्याकडे आणा, दुसऱ्या मशिनले लावून पाहतो. संग एक रिकामी डिस्क नाही त मोठा पेनड्राइव्ह आणजा, सापडलेलं परत त्याच डिस्कवर ठेवता येत नाही. अन् फाइलचं नाव आठवत असन त कागदावर लिहून आणजा.