मदत हवी आहे: अपूर्णांक आणि शेकडेवारी नव्यानं शिकायची आहे, कुठून सुरू करू?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, वय 38, आमच्या महिला बचत गटाची सचिव. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आम्ही लेकरंही कारखान्यावर, गावी परत यायचो ते पाडव्याच्या मागं-पुढं. वर्गात अपूर्णांक झाले ते नेमके त्या महिन्यांत. दहावीला गणितच राहिलं. पाढे पक्के आहेत, आजोबांमुळं पावकी-निमकीही येते. पण कागदावर 2/3 मोठा की 3/4, इथं अडतं.

आता निकड अशी: गटातल्या एकीनं 10,000 रुपये घेतले. महिन्याला शेकडा 2, हजाराचे दहा हप्ते. वहीत पहिल्यापासून दरमहा 200 व्याज लावतात. परवा तिनं विचारलं, "ताई, निम्मे पैसे फिटले तरी व्याज तेवढंच कसं लागायलंय?" तिचं म्हणणं पटतं, पण मला ते मांडून दाखवता येत नाही. मजुरीतून साठवलेला पैसा आहे हा. "असंच असतं" म्हणून तिला गप्प बसवणं मला जमणार नाही.

बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर उतरवून घेतली आहेत. पाचवीचं धरू की सातवीचं?

प्रतिसाद
ताई, पाचवीचंच धरा, शतमान त्यानंतर. 2/3 आणि 3/4 साठी 12 केळी घ्या. तीन वाटे करून दोन उचलले तर 8, चार वाटे करून तीन उचलले तर 9. म्हणजे 3/4 मोठा. 12 च का? 3 आणि 4 दोन्हींनी भाग जातो म्हणून. छेद समान करणं ते हेच.

वहीत 'शिल्लक मुद्दल' असा रकाना वाढवा. पहिल्या महिन्यात 10,000 वर 200, मग 9,000 वर 180, पुढं 160, असं करत शेवटी 1,000 वर 20. एकूण 1,100. तुमच्या वहीच्या पद्धतीनं 2,000 होतात. ही आकडेमोड बैठकीत सगळ्यांसमोर फळ्यावर मांडा. पद्धत बदलायची ठरली तर तसा ठराव लिहून घ्या.

धागाकर्ती
खूप आभार. दहाही आकडे मांडून बेरीज केली, 1,100 च आले. आता एकच विचारते: एखादीनं मधेच दोन हप्ते एकदम भरले, तर पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावरच धरायचं ना?