विद्यार्थ्यांची भांडी माझ्या भांड्यांसारखीच का होतात?

प्रश्न : नाशिकची एक शिक्षिका

नमस्कार. मी गेली ९ वर्षे घरच्याच कार्यशाळेत कुंभारकाम शिकवते. सध्या माझ्याकडे ११ विद्यार्थी आहेत आणि त्यांतले निम्मे २ वर्षांहून अधिक काळ येत आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या कामाचे छोटेसे प्रदर्शन मांडले होते. पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी सगळी मांडणी फिरून पाहिली आणि मला अतिशय आदराने विचारले, "हे सगळे आपणच घडवले आहे ना?" त्यांच्या मनात कौतुकच होते, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी एकेक भांडे उलटेसुलटे करून पाहिले. किंचित बाहेर वळलेला काठ, बुडाखाली खरवडून ठेवलेली बारीक कडा, कपाच्या कानाचा बाक, सारे माझेच होते.

तंत्र कच्चे असेल तर मनातला आकार मातीत उतरत नाही, म्हणून मी तंत्राबाबत कडक राहिले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मात्र तंत्राच्या जोडीने मी माझी आवडही त्यांच्या हातांत उतरवली, असे आता वाटते. तंत्र कोठवर सांगावे आणि कोठे थांबावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : सावंतवाडीहून

ताई, विद्यार्थ्याची भिंत डगमगू लागली की आपण काय करता? मी अनेक वर्षे पुढे वाकून त्याच्या भांड्यात हात घालत असे. भांडे क्षणात सावरायचे आणि तोही खूश व्हायचा, पण पुढच्या वेळी भिंत नेमकी तिथेच डगमगायची, कारण सावरायला शिकले होते ते माझे हात. मग मी नियम केला की माझे हात फक्त माझ्या चाकावरच्या मातीला लागतील. दाखवायचे ते माझ्या मातीवर, आणि त्याचे भांडे बसले तर बसू द्यायचे.

पहिले ३ महिने आमच्याकडे एकही भांडे भट्टीत जात नाही. प्रत्येकाने रोज साधे उभे नळकांडे घडवायचे, तारेने वरपासून खालपर्यंत मधोमध कापायचे आणि भिंत कोठे जाड राहिली ते स्वतःच बोट ठेवून सांगायचे. बहुतेकांची माती बुडाच्या कोपऱ्यात अडकलेली असते. ते एकदा डोळ्यांनी दिसले की मला काही बोलावे लागत नाही.

त्यानंतर मी आकार देत नाही, माणूस विचारते. हे भांडे कोणासाठी? एका मुलीच्या आजीची बोटे संधिवातामुळे कपाच्या कानात जात नव्हती. तिने आजीच्या दोन्ही तळव्यांची मापे घेतली आणि बिनकानाचा, मध्ये आत दाबलेला पेला घडवला. तो भट्टीतून लहान होऊन आला, कारण आमची स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला पक्की भाजायची, माती ओल्या स्थितीपासून भाजेपर्यंत सुमारे १२ टक्के आकसते आणि हिशेब करायचे तिच्या ध्यानात राहिले नव्हते. तिने तो पाच वेळा पुन्हा घडवला. आज तिच्या प्रत्येक भांड्याला कंबर असते आणि ती मी तिला शिकवलेली नाही.

उत्तर २ : पिढीजात कुंभार, सोलापूर जिल्हा

ताई, आमच्या घरात स्वतःच्या शैलीविषयी कोणी कधी बोलले नाही. चाकावरून उतरलेला माठ वडील आतून गुंडा, म्हणजे गोल दगड, धरून बाहेरून थापटण्याने ठोकत, आणि आवाजावरून भिंतीची जाडी सांगत. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे-पक्के मडके ओळखल्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकली, पण आमच्यासाठी ती रोजच्या कामातलीच गोष्ट होती. शेकडो माठ एकाच घाटाचे घडत, तरीही बाजारात मांडलेल्या माठांतून कोणता काकांचा आणि कोणता वडिलांचा, हे माझी आत्या हात फिरवून सांगत असे. म्हणून २ वर्षांत सारखेपणा दिसला, तर आपण एवढे घाबरू नये, असे मला वाटते.

मात्र एक गोष्ट नम्रपणे विचारतो. काठ बाहेर का वळवायचा, हे आपण त्यांना सांगितले होते का? आमच्या माठाची प्रत्येक रेषा कामातून आलेली आहे. भिंत सच्छिद्र ठेवली तरच पाणी पाझरून बाहेर वाळते आणि आतले गार होते, त्यावर चकाकी चढवली तर माठ गार करणारच नाही. जाड काठामुळे भांडे उचलता येते आणि सहजासहजी चिरत नाही. कारण ठाऊक असलेला शिष्य गरज बदलली की घाट बदलतो. ज्याला कारण ठाऊक नाही, तो गुरूचा काठ जपत बसतो.

उत्तर ३ : सिरॅमिक्सच्या माजी अध्यापिका, पुणे

या संदर्भात मला नायजेरियाच्या कुंभार लाडी क्वाली यांचा विचार वारंवार करावासा वाटतो. मायकेल कार्ड्यू हे ब्रिटिश कुंभार १९२३ साली इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे बर्नार्ड लीच या नामवंत कुंभारांकडे शिकायला गेले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नायजेरियात अबुजा, म्हणजे आजचे सुलेजा, येथे प्रशिक्षण केंद्र उभारले. तेथे चाक, ग्लेझ (भांड्यावर चढवायची काचेसारखी चकाकी) आणि उच्च तापमानाची भट्टी शिकवली जात असे. १९५४ साली लाडी क्वाली तेथे आल्या, तेव्हा त्या पाण्याचे मोठे घडे हाताने घडवण्यात आधीच निष्णात होत्या. मातीच्या वळ्या रचत, घड्याभोवती स्वतः फिरत त्या काम करीत आणि अंगावर सरडे, मासे, साप कोरीत.

त्या चाकही शिकल्या, परंतु मोठे घडे हातानेच घडवीत राहिल्या. केंद्राने त्यांना ग्लेझ आणि भट्टी दिली, घडा त्यांचाच राहिला. पुढे त्यांचे चित्र नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आले. एक खंत मात्र सांगायला हवी : ग्लेझ देऊन पक्का भाजलेला तो घडा पाणी गार करण्याच्या कामाचा राहिला नाही आणि संग्राहकांच्या दालनांत गेला. वरच्या उत्तरातील माठाविषयीचे वाक्य वाचून मला तेच आठवले. तेव्हा आपले विद्यार्थी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी हातांनी काय करीत होते, हे आपण त्यांना विचारले आहे का?

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी मनापासून लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. सोलापूरच्या काकांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "नाही" असे आहे. माझा काठ मला सुंदर वाटतो, एवढेच कारण मी आजवर दिले होते. गेल्या दोन रविवारी मी फळीवरची माझी भांडी आत ठेवली आणि प्रत्येकाला घरातले रोजच्या वापरातले एक भांडे आणायला सांगितले. पुण्याच्या मॅडमचा प्रश्नही विचारला. एक विद्यार्थिनी २० वर्षे शिवणकाम करते, हे मला ठाऊकच नव्हते. परवा तिने मातीची पातळ पोळी लाटली, कागदाच्या बेतावरून कापली, चुण्या घालून जोडली आणि दह्याचे सट उभे केले. जोडावर एका जागी चीर गेली आहे, पुढच्या वेळी दोन्ही कडा ओरखडून, पातळ चिखल लावून जोडू, असे तीच म्हणाली.

आता ग्लेझचे काय करावे? तिन्ही बादल्या माझ्याच पाककृतीच्या आहेत.

उत्तर १ : सावंतवाडीहून

बादल्या राहू द्या ताई. प्रत्येकाला मातीच्या ११ चकत्या द्या आणि दोन ग्लेझ १०० ला ०, ९० ला १० अशा प्रमाणात ० ला १०० पर्यंत मिसळत न्यायला सांगा. चकतीच्या पाठीवर प्रमाण लोहाच्या रंगाने लिहून घ्या, ते भट्टीत पुसले जात नाही. आणि त्या चुण्यांच्या सटाचे छायाचित्र कृपया इथे टाका.